तीन बोटं उंच

मी सतरावी बोलतेय. खालून मोजलं तर सतरावी. वरून मोजलं तर मी पंचविसावी भरते, पण वरून मोजणाऱ्यांना मी ओ देत नाही.

शहराच्या ऐन मध्यावर एक उंचवटा आहे. त्याच्या पायथ्याशी बाजार, बसथांबा, कापडाची दुकानं आणि चपला शिवणाऱ्यांची ओळ. माथ्यावर कोर्ट, पोस्ट, नगरपालिकेची कचेरी आणि घुमटाचं ग्रंथालय. खालच्यांची कामं वर अडलेली असतात आणि वरच्यांना दुपारी खाली भूक लागते. म्हणून मध्ये आम्ही आहोत, एक्केचाळीस काळ्या दगडी पायऱ्या. गाडीरस्ता आहे, नाही असं नाही, पण तो लांबून वळसा घालून येतो. पायी चालणारा माणूस आमच्याच अंगावरून जातो.

आम्हा एक्केचाळीस जणींत चाळीस जणी एका मापाच्या. मी तेवढी तीन बोटं उंच. हे कसं झालं ते आधीच सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. कुणी म्हणतं, पळणारा चोर अडखळून पडावा म्हणून मला मुद्दाम उंच केलं. कुणी म्हणतं, भूकंपाने उचलली. एकदा तर एक गृहस्थ पाहुण्यांना सांगत होते की माझ्याखाली हंडा पुरलाय. मी ऐकून घेतलं. दगडाला दुसरं काय करता येतं?

खरी गोष्ट अशी. आम्हाला बसवलं दोन गवंड्यांनी. दोघे साडू, म्हणजे त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. काम लवकर उरकावं म्हणून मुकादमाने एकाला खालून वर यायला सांगितलं आणि दुसऱ्याला वरून खाली. मध्ये भेटा, म्हणाला. आता भेटणार कसे? आठवडाभर आधीच दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि त्यांनी अबोला धरला होता. कशावरून ते त्यांच्या बायकांनाही कधी कळलं नाही.

अबोल्यात मापं जुळत नाहीत. खालचा आपल्या पट्टीने मोजत होता, वरचा आपल्या, आणि दोन्हींत केसभर फरक होता. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघायच्या तर कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं. ते कोण करणार? खालचा दगडाकडे बघून म्हणायचा, "काही लोकांना घाई फार." वरचा हातोडीला सांगायचा, "काही लोकांना डोळे असून दिसत नाही." असं करत करत दोघे समोरासमोर आले. मध्ये एका पायरीची जागा उरली होती, वर तीन बोटं. मुकादमाने कपाळाला हात लावला आणि खाणीतून एक जाड दगड मागवला. तोच मी.

तेव्हा माझा जन्म दोन माणसांच्या न बोलण्यातून झाला. पण फुशारकी मारत नाही, खरं तेच सांगते. मी जितक्या अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलंय, तितकं या शहरात कुणाला जमलं नसेल.

त्याचं असं आहे की पायाला डोळे नसतात, सवय असते. सोळा पायऱ्या एका मापाने चढलेला पाय सतराव्या पायरीलाही तेवढाच उचलला जातो आणि माझ्या कडेला अडतो. माणूस पुढे झोकांडी खातो, दोन्ही हात हवेत फिरवतो आणि सावरतो. सहसा पडत कुणी नाही. सावरल्यावर सगळे न चुकता मागे वळून माझ्याकडे बघतात. वकील बघतात ते मी खोटी साक्ष दिल्यासारखे. तरुण मुलं अडखळली की तशीच पळायला लागतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की ती आधीपासून पळतच होती. म्हातारी माणसं चपलेला दोष देतात. एक बाई मात्र मला "सॉरी" म्हणाल्या होत्या. त्यांना मी अजून विसरले नाही.

आणि मग शेजारून चाललेलं कुणीतरी, ओळख ना पाळख, म्हणतं, "सांभाळून हं." किंवा, "लागलं का हो?" किंवा, "ही पायरी अशीच आहे, मीही परवा आपटलो." एवढं झालं की ती दोघं पुढच्या पायऱ्या बरोबर चढतात. वर पोचेपर्यंत गाव, नोकरी, मुलांची शिक्षणं, सगळं विचारून होतं. लोकांना बोलायचं असतं हो, फक्त निमित्त मिळत नाही. ते मी पुरवायची.

एका टपालवाल्याचं आणि कोर्टातल्या टायपिस्ट मुलीचं लग्न माझ्यामुळे जमलं. तो टपालाचा गठ्ठा घेऊन चढताना अडखळला, पत्रं पाच पायऱ्यांवर पसरली, तिने ती वेचून दिली. त्यानंतर तीन आठवडे तो रोज बरोबर साडेदहाला अडखळत होता. इतकी काही मी उंच नव्हते.

तसेच दोन शेजारी. सामायिक भिंतीवरून त्यांचा कोर्टात दावा चालू होता. एक डाव्या कडेने चढायचा, दुसरा उजव्या. गर्दीमुळे एकदा दोघे एकाच बाजूला आले, एकाचा पाय अडला आणि दुसऱ्याने पटकन त्याचा दंड धरला. धरून झाल्यावर दोघांनाही इतका संकोच वाटला की काय सांगू. दावा त्यांनी मागे वगैरे घेतला नाही, पण उतरताना माझ्यावर बसून पाणी प्यायले आणि आपापल्या वकिलांची नक्कल करून खूप हसले.

पाणी कुठलं विचाराल, तर माझ्या डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात पितळी तोटीचा सार्वजनिक नळ आहे. आणि नळाच्या शेजारी बसतो आमचा किल्लीवाला.

तीस वर्षं तो तिथे बसतोय. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर लहानसा शिकंजा, चार-पाच कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. किल्लीचे दात घासताना त्याची जीभ बाहेर येते, हे त्याला माहीत नाही. कुणी अडखळलं की तो डोकं वर न करता म्हणतो, "पाय उचला, पायरी मोठी आहे." तोंडाने हे चालू असताना तो अर्धवट उठतो आणि एक हात पुढे करतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. अडखळलेला माणूस थांबतो, थांबला की किल्ल्या दिसतात, किल्ल्या दिसल्या की घरच्या कुलपाची एकच किल्ली उरलीय हे आठवतं. अशी आमची भागीदारी होती. तो मला कधीकधी पाठीवर थोपटल्यासारखं थोपटायचा आणि म्हणायचा, "चाललंय ना बये?" चाललं होतं की.

आता त्याच्या बहिणीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

वरच्या ग्रंथालयात पुस्तकं देणाऱ्या ज्या बाई होत्या, त्या त्याची थोरली बहीण. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला झोळी, आणि सगळ्या शहराच्या चुका दुरुस्त करायची हौस. दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन ती जाता जाता सुधारून सांगते. रोज चार वेळा माझ्यावरून जायची: सकाळी वर, दुपारी जेवायला खाली, जेवून वर, संध्याकाळी खाली. इतक्या वर्षांत ती एकदाही अडखळली नाही. तिच्या पायाला मी पाठ होते. सतरावी आली की पाऊल आपोआप तीन बोटं जास्त उचललं जायचं, हातात पुस्तक उघडं असलं तरी.

आधी ती रोज कोनाड्याशी थांबायची. भावाला "बारक्या" म्हणायची, तो पन्नाशीला आला तरी. त्याच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघायची आणि नाक मुरडायची. मग तेरा वर्षांपूर्वी एके दिवशी ती आली, थांबली नाही, आणि तशीच वर गेली. त्याने मानही वर केली नाही.

काय झालं होतं ते मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. बिचारा एका अडलेल्या कुलपाला सगळं सांगत होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरवायला मुलाकडची मोठमोठी माणसं घरी आली होती. हा खुशीत होता. खुशीत आला की याला विनोद सुचतात, आणि त्याचे विनोद म्हणजे तुम्हाला काय सांगू. दुसरा विनोद संपायच्या आत ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "बारक्या, पायरी ओळखून बोल."

तो गप्प बसला. लग्न झालं, मुलगी सुखात आहे, मुलाकडची माणसं त्याच्या विनोदांना आता चांगली सरावली आहेत. पण तो त्या दिवशी ताईपुरता जो गप्प बसला तो बसलाच. "सगळं आयुष्य पायरीवर काढलं मी," तो कुलपाला म्हणाला, "आणि मला पायरी शिकवते." कुलूप उघडलं नाही. तिच्या बाजूने बघाल तर तिला वाटत होतं की थोरल्या बहिणीने एवढंही बोलू नये का? म्हणजे आधी कोण बोलणार, तिथे गाडी अडली.

पण एक सांगू का? अबोला धरलेली माणसं जितकी बोलतात तितकी बोलती माणसंही बोलत नाहीत. फक्त समोरच्याशी नाही. ही दोघं माझ्याशी बोलायची.

उन्हाळ्यात ती चढताना माझ्याकडे बघून म्हणायची, "कुणीतरी दिवसभर उन्हात बसतं आणि डोक्याला रुमाल बांधत नाही." दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याला रुमाल असायचा. आभाळ भरून आलेलं असलं की तो शिकंज्याला सांगायचा, "कुणीतरी आज पण छत्री विसरलंय." ती चार पायऱ्या वर गेलेली परत खाली जायची आणि छत्री घेऊन यायची. "कुणाचा तरी खोकला आठ दिवस ऐकतेय." "कुणालातरी म्हणावं, औषध चालू आहे." "कुणीतरी नवीन चष्मा घेतलाय, जरा मोठाच वाटतो." "कुणाला विचारलं होतं?" असं अकरा वर्षं. मध्ये मी, निरोप्यासारखी. "कुणीतरी" हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की मला वाटायचं, हे दोघांचं एकच आडनाव असावं.

हसू यायचं मला, आणि वाईटही वाटायचं. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना लोक? मी काळा दगडच आहे, मला विचारा. माझ्यावरच्या किती रेघा पुसून गेल्या. ही एक मात्र जाता जात नव्हती. आणि मला काही करताही येत नव्हतं. सगळ्या शहराला मी अडखळवत होते, सगळ्यांना तो "सांभाळा" म्हणत होता, आणि जिला म्हणायला हवं ती बाई कधी अडखळतच नव्हती.

मग माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ग्रंथालयात रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे एक आजोबा होते. एकटे राहायचे. वर्तमानपत्र निमित्त, वर दहा माणसांत बसायला मिळायचं म्हणून यायचे. एका सकाळी त्यांचा पाय माझ्याशी अडला. किल्लीवाला उठला, पण त्याचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नव्हते. हात पोचला नाही. आजोबा मनगटावर पडले. मनगट मोडलं. ते वर यायचे बंद झाले, आणि हळूहळू त्यांच्या वयाचे आणखी चार-पाच जण बंद झाले.

मला फार लागलं ते. तोपर्यंत मी स्वतःला मोठी समाजसेविका समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपली तीन बोटं कुणाला तरी महागात पडताहेत.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेतून इंजिनिअर बाई आली. वयाने लहान, पाठीवर बॅग, कानामागे पेन्सिल. आली आणि माझ्यावर अडखळली. मागे वळून बघितलं, खाली बसली, टेप लावला, आणि वहीत लिहिताना मोठ्याने म्हणाली, "सतरावी चुकीची आहे." इतकी वर्षं लोकांनी मला पुष्कळ नावं ठेवली होती, पण चुकीची कुणी म्हटलं नव्हतं. मग तिने खडूने माझ्या छातीवर मोठी फुली मारली.

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "तोडणार का तिला?"

"काढावी लागेल, काका. तक्रारीचा अर्ज आलाय."

"तक्रार कुणी केली?"

"ग्रंथालयाच्या बाईंनी."

त्याने कानस पुन्हा उचलली. त्या संध्याकाळी ती उतरताना तो "कुणीतरी", "कुणालातरी" असं काहीच म्हणाला नाही. तिनेही नाही. तिच्या पावलांवरून मला कळलं की ती हळू चालली होती. त्याला वाटलं असणार, बोलायचं तर टाकलंच होतं, आता हिने माझी बसायची जागाही काढून घेतली. पायरी गेली, तर थांबणार कोण आणि किल्ल्या करून घेणार कोण?

आणि त्यातच मला दुसरी बातमी कळली. कोर्टातल्या दोघी कारकून बायका चढता चढता बोलत होत्या, ग्रंथालयाच्या बाई या महिनाअखेरीला निवृत्त होणार. म्हणजे एकवीस दिवस. एकविसाव्या संध्याकाळी ती उतरून जाईल, आणि मग रोज चार वेळा इथून जायचं कारणच उरणार नाही. छत्री, रुमाल, खोकला, सगळंच बंद. तोवर यांच्यात एक सरळ शब्द झाला तर झाला. आणि तो व्हायच्या आधीच माझी तर फुली झाली होती.

इंजिनिअर बाई पाच-सहा वेळा आली. ती काम घाईने करणाऱ्यांतली नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. एका दुपारी ती नगरपालिकेच्या मुकादमाला घेऊन आली. त्याने माझ्या अंगावर हातोडीची मूठ ठोकून आवाज ऐकला. "बाई, असा दगड आता मिळायचा नाही," तो म्हणाला. "हिला हलवलीत तर वरच्या चोवीस जणी हलतील. त्यापेक्षा हिला हात लावू नका. खालच्या सोळांना थोडं थोडं वर घ्या. प्रत्येकीवर दगडाचा थर चढवू, पहिलीवर अगदी पातळ, मग जरा जाड, सोळावीवर सगळ्यात जाड."

इंजिनिअर बाईने वहीत आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग हसली आणि रुमालाने माझ्यावरची फुली पुसून टाकली. माझा जीव भांड्यात पडला. अहो, मला खाली ओढायचं सोडून खालच्या सगळ्यांना वर आणायचं, असा विचार करणारी माणसं असतात अजून.

जाताना ती किल्लीवाल्याला म्हणाली, "काका, काम आठ दिवस चालेल, पायऱ्या बंद राहतील. पण तुम्ही तुमच्या कोनाड्यातच बसा. तुम्हाला उठवता येणार नाही मला."

"का बरं?"

"अर्जातच लिहिलंय." तिने बॅगेतून कागद काढला आणि वाचला. "'सदर पायरीजवळ बसणारे कारागीर अठ्ठावीस वर्षे पडणाऱ्यांना सावरत आले आहेत. त्यांचे गुडघे आता दुखतात. पायरी दुरुस्त झाल्यास त्यांना वारंवार उठावे लागणार नाही. तरी दुरुस्तीच्या वेळी किंवा नंतरही त्यांची जागा हलवू नये, ही विनंती.' बाईंचं अक्षर किती सुंदर आहे हो."

किल्लीवाल्याने तो कागद हातात घेतला. मग नळाखाली तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, जाऊन बोलायचं सरळ. मलाही तेच वाटत होतं. पण अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर पहिला शब्द कुठला वापरायचा? तो पेटीशी बसून सराव करायचा. "ताई, तो अर्ज..." नको. "ताई, कशी आहेस?" रोज तर दिसते. "ताई, मी काय म्हणतो..." पुढे काही सुचायचं नाही. आणि ती समोर आली की मान खाली, कानस सुरू. मी मनातल्या मनात त्याच्यावर डोळे वटारत होते. काम सुरू झालं, वाट अडवणारे पत्रे लागले, आणि ती गाडीरस्त्याने जायला लागली. आठ दिवस ती दिसलीच नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी पत्रे निघाले. खालच्या सोळा जणी नव्या थराने उजळल्या होत्या आणि नटून बसल्यासारख्या दिसत होत्या. मी होते तिथेच होते, पण आता सगळ्या माझ्या मापाच्या. मापाने मी एक्केचाळिसांतली एक झाले होते. मनातून धास्तावले होते. आता कुणी अडखळणार नाही, कुणी थांबणार नाही, कुणी कुणाशी बोलणार नाही.

आणि पहिली माणसं आली तशी मला हसू आवरेना. परगावचे लोक सरळ चढून गेले, काही झालं नाही. पण आपल्या शहरातले? एकूण एक अडखळले. सगळ्यांचे पाय माझ्यापाशी सवयीने तीन बोटं जास्त उचलले जात होते आणि धप्पकन आपटत होते. उतरणाऱ्यांची तर आणखी मजा. त्यांच्या पायाला सोळावी खोल असायची सवय, आणि ती आता अगोदरच लागत होती. गुडघ्याला हिसका बसायचा आणि माणूस "अरेच्चा" म्हणून उभा राहायचा. टपालवाला आपटला. त्याची बायको आपटली. वीस-वीस वर्षं रोज जाणारे वकील आपटले. जो जितका जुना, तो तितक्या जोरात. माझ्याभोवती दहा-बारा माणसं उभी राहून पायांकडे बघत हसत होती.

सहाच्या सुमारास ती वरून आली. निवृत्तीचा निरोप घेऊन येत होती. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात कापडात बांधलेली पुस्तकं, खांद्याला झोळी. डोळे ओले असावेत, कारण चष्मा कपाळावर चढवला होता. किल्लीवाला तिला लांबून बघत होता. ओठ हलत होते, सराव चालला होता. ती विसाव्या पायरीवर आली, एकोणिसाव्या, अठराव्या, माझ्यावर आली. त्याने मान खाली घातली. संपलं, मला वाटलं. आता ती जाणार.

तिने माझ्यावरून पाऊल खाली टाकलं, आजवर टाकलं तसंच, डोळे मिटूनही जमेल असं. सोळावी तीन बोटं आधीच आली. तिचा पाय आपटला, गुडघा लचकला, पुस्तकं सुटली, गुच्छ उडाला.

"ताई, सांभाळ!"

तो कधी उठला ते त्यालाही कळलं नसेल. तिचा दंड त्याच्या दोन्ही हातांत होता. बोलायचं म्हणून तो बोललाच नव्हता. अठ्ठावीस वर्षांची सवय बोलून गेली होती, आणि सवयीला अबोला माहीत नव्हता.

मग दोघं तशीच उभी. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. त्याच्याकडे, माझ्याकडे नाही.

"लागलं का?" त्याने विचारलं. "तुला लागलं का?"

"तीस वर्षं चढतेय-उतरतेय," ती म्हणाली. "आणि मलाच माझी पायरी ओळखता आली नाही रे, बारक्या."

तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही, कारण तेवढ्यात दोघंही माझ्यावर बसली आणि मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. दोन्ही पाठी हलत होत्या. लोकांनी पुस्तकं गोळा करून दिली. नळाचं पाणी कुणीतरी ओंजळीत आणलं, ते निम्मं वाटेतच सांडलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "डब्यात काय होतं आज?" त्याने रिकामा डबा उघडून दाखवला. तिने तरीही नाक मुरडलं.

याला आता दोन वर्षं झाली. शहरातल्या पायांनी नवी सवय लावून घेतली आहे. सुरुवातीचे तीन-चार महिने मजा चालली, मग एकेक जण सरळ जायला लागला. आता माझ्यावर कुणी अडत नाही आणि मागे वळून बघत नाही. वर्तमानपत्रवाले आजोबा पुन्हा येतात, माझ्यावरून ऐटीत जातात, त्याचं मला समाधान आहे. खोटं कशाला बोलू, कधीकधी जुने दिवस आठवतात.

पण करमत नाही असं म्हणायची सोय नाही. निवृत्त झालेली ताई रोज दुपारी येते. इथे येण्यासारखं तिला काही काम नाही, म्हणून वेळेवर येते. माझ्यावर बसते आणि दोघं भांडतात. रुमालावरून, डब्यावरून, त्याच्या पाटीवर 'किल्ली' मधली वेलांटी पहिली की दुसरी यावरून. "तू असंच करतोस." "तू आधी माझं ऐक." "तुला काही कळत नाही." त्यांच्या आवाजाने माणसं थांबतात, थांबली की किल्ल्या दिसतात. धंदा पूर्वीपेक्षा बरा चाललाय म्हणतो तो. माझे मात्र कान किटले. अकरा वर्षांचं साठलेलं आहे, संपेल तेव्हा संपेल.

तर तुम्ही कधी या बाजूला आलात, तर खालून मोजत या. सतरावीला ओळखण्यासारखं काही उरलेलं नाही, पण त्यावर दोन माणसं भांडत बसलेली असतील, बाजूने जा. आणि तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत कुणी "कुणीतरी" झालं असेल, तर त्याला आजच हाक मारा. कुठे ठेच लागेल आणि तोंडून शब्द निघेल, म्हणून थांबून राहू नका. ती सोय आता माझ्याकडे राहिलेली नाही.